काय म्हणाला तो?

१९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी पडदा बोलू लागला. त्याला नव्वदहून अधिक वर्षं झाली. एवढ्या काळात एका स्पीकरचे दोन झाले, दोनाचे पाच झाले, पाचांच्या जोडीला वूफर आला, आता तर म्हणे छतावरूनही आवाज पाडतात. आणि नागपुरात, आमच्या जरीपटक्यातल्या घरी रात्री जेवणं आटोपून सिनेमा लावला की थोड्याच वेळात आई विचारते, "काय म्हणाला तो?" घरातलं कोणीही उत्तर देऊ शकत नाही, कारण कोणालाच ऐकू आलेलं नसतं. आईचे कान शाबूत आहेत. रस्त्यावर भाजीवाल्यानं मेथीचा भाव सांगितला तर ती आतल्या खोलीतून घासाघीस करते. तेव्हा प्रश्न कानांचा नाही, व्यवस्थेचा आहे, आणि तो आज मला सविस्तर मांडायचा आहे. चहा घेऊन बसा. तुमच्याही घरी हेच चालू असणार, फक्त तुम्ही अजून तक्रार नोंदवलेली नाही.

मूळ अन्याय टीव्हीपासून सुरू होतो. जुन्या डब्या टीव्हीला पोट होतं, आणि त्याचा स्पीकर तोंड आपल्याकडे करून बसायचा. नवा टीव्ही बोटभर जाडीचा. त्यात स्पीकरला जागाच उरलेली नाही, म्हणून तो खालच्या किंवा मागच्या बाजूला बसवतात. म्हणजे नट आपल्याशी बोलत नाही. तो आमच्या भिंतीशी बोलतो आणि भिंत आम्हाला निरोप देते. मग त्याच दुकानात शेजारच्या फळीवर साउंडबार आणि होम थिएटर मांडलेले असतात. आधी टीव्हीतून आवाज काढून घ्यायचा आणि तोच वेगळ्या खोक्यात भरून परत विकायचा, असा हा रीतसर व्यवहार आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला असता. पण स्वस्त झालं ते चित्र. त्या चित्रातल्या माणसाचं बोलणं सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात यावं, याचा विचार कुठल्याच बैठकीत झालेला दिसत नाही.

आमच्याकडे एक साधा ५.१ संच पूर्वीपासून आहे. तो सुधारावा, असा विषय घरात चर्चेला आला आणि दहा हजारांच्या मर्यादेत खर्चाला मंजुरी मिळाली. अट एकच होती, आणि ती मी लेखी ठेवायला तयार होतो: सिनेमातलं माणूस जे बोलतं ते घरातल्या सगळ्यांना ऐकू यावं. बाँब नको, हेलिकॉप्टर नको. बोलणं हवं.

आता ही अट घेऊन तुम्ही बाजारात जाऊन पहा. जरीपटक्याच्या मेन रोडवर काय मिळत नाही? फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथं आली आणि त्यांनी हातोहात बाजार उभा केला. दाल-पकवानापासून लग्नाच्या शालूपर्यंत सगळं इथं मिळतं. तरी जास्त पर्याय पाहावेत म्हणून इंदोरा चौकातून मेट्रो धरून मी सीताबर्डीलाही गेलो. दोन्हीकडे अनुभव एकच. दुकानदार आवाज दाखवायला जे लावतो त्यात काच फुटते, गाडी उलटते, ढग गडगडतात आणि काउंटरवरची पेनं थरथरतात. मी म्हटलं, "यात दोन माणसं हळू आवाजात बोलताहेत असं काही लावा ना." पोरगा माझ्याकडे पाहतच राहिला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाऊ, पहिले बेस तं पहा ना." मी बेस पाहिला. मला बेसबद्दल आकस नाही. पण ताटात लोणचं, पापड, चटणी, मीठ सगळं वाढून भातच विसरला, तर जेवणाऱ्यानं चटणीचं कौतुक किती वेळ करावं?

दुसरं प्रकरण वॅटचं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१०,००० वॅट पीएमपीओ' असं छापलेलं असतं. आपल्या वीजबिलावर 'मंजूर भार' नावाचा एक रकाना असतो, तो काढून पहा. साध्या घराला एक-दोन किलोवॅटच्या आसपास भार मंजूर असतो. म्हणजे खोक्यावरचा दावा खरा धरला, तर वूफर लावल्याबरोबर घराच्या मंजूर भाराचं उल्लंघन होतं आणि मी थकबाकीदार नसून गुन्हेगार ठरतो. सुदैवानं त्याच वूफरच्या पाठीवर बारीक अक्षरांत तो प्रत्यक्ष किती वीज खातो ते लिहिलेलं असतं. साठ वॅट, ऐंशी वॅट. साठ वॅट खाऊन दहा हजार वॅट बाहेर टाकणारं यंत्र देशाला खरोखर मिळालं असेल तर कोराडीचं वीज केंद्र बंद करून तिथं बगीचा करता येईल. पीएमपीओ मोजण्याची एकच एक मान्य पद्धत नाही, म्हणून तो आकडा मनाला येईल तेवढा लिहिता येतो. पाहायचा असतो तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या वॅटचा आकडा, आणि तो खोक्याच्या तळाशी असतो. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटावा तर दहापट वॅट लागतात. ग्राहकाला हे कोणी सांगायचं? दुकानदार सांगत नाही, खोकं सांगत नाही, म्हणून मला सांगावं लागतं आहे.

आता ५.१ या आकड्याकडे येऊ. समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि तो दशांश एक म्हणजे वूफर. या सगळ्यांत समोरचा मधला स्पीकर महत्त्वाचा, कारण सिनेमातले संवाद बहुतेक करून त्याच्याच वाट्याला दिलेले असतात. खोक्यातला सर्वांत कर्तव्यदक्ष कर्मचारी तोच. आणि स्वस्त संचात तोच इतरांइतका किंवा इतरांहून किरकोळ असतो. तळहाताएवढा डबा, आत चार बोटांचा कागदी पडदा, आणि त्याच्यावर अख्ख्या चित्रपटसृष्टीचं वक्तव्य. सगळं लोखंड, लाकूड आणि जाहिरात वूफरच्या नावावर खर्च झालेली असते. अन्यायाचा इतका स्वच्छ नमुना मी सरकारी बढत्यांमध्येही पाहिलेला नाही.

बरं, त्या मधल्या स्पीकरपर्यंत संवाद पोचतो तरी का? मोबाईल ब्लूटूथनं जोडला किंवा पेनड्राइव्ह लावला तर बहुतेक साध्या संचांत आवाज दोनच वाटांनी येतो, आणि तोच पाचही ठिकाणी वाटून टाकला जातो. पाच तोंडं, एकच म्हणणं. खरा ५.१ हवा असेल तर मागच्या सहा भोकांत सहा वेगवेगळे आवाज यायला हवेत. टीव्हीला मात्र ती सहा भोकं नाहीत. त्याच्याकडे एक ऑप्टिकल आहे आणि एक एचडीएमआय, ज्याच्यावर एआरसी असं लिहिलेलं असतं, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरीनं बाहेर काढता येतो. ही एआरसीची सोय २००९ साली एचडीएमआयमध्ये आली. पण आमच्या वूफरला ती अजून कळवण्यात आलेली नाही. मधे एक डीकोडर घ्यावा लागतो. तो दोन-तीन हजारांना येतो. तो आणला की लक्षात येतं, हल्लीच्या ऑनलाइन सिनेमांचा आवाज डॉल्बी डिजिटल प्लस असतो, ऑप्टिकल वायर फक्त जुना डॉल्बी डिजिटल नेते, आणि 'प्लस'चा साधा डॉल्बी करून द्यायचा की नाही हे टीव्हीच्या मर्जीवर आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑटो, पीसीएम, बिटस्ट्रीम, पासथ्रू असे चार शब्द एकाखाली एक लावलेले असतात. खाली एका ओळीचं स्पष्टीकरण देता आलं असतं. दिलेलं नाही.

ब्लूटूथचा मार्ग सोपा म्हणून आमच्या पोरानं तोही सुचवला. त्यात आवाज उशिरा पोचतो. आवाज चित्राच्या आधी सुमारे ४५ मिलिसेकंद किंवा नंतर सुमारे १२५ मिलिसेकंद असला की माणसाला ते जाणवू लागतं, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची नोंद आहे. ब्लूटूथ बऱ्याचदा त्याहून जास्त वेळ घेतो. नायिका बोलून ओठ मिटते आणि मग तिचं वाक्य येतं. तोवर समोरचा नायक बोलू लागलेला असतो. आईनं एकदा अत्यंत गंभीरपणे विचारलं, "हा बाईच्या आवाजात काहून बोलून राहिला?" तिच्या प्रश्नात चूक काहीच नव्हती.

मग एका मेकॅनिकनं असेंबल्ड सेटचा प्रस्ताव ठेवला. आपल्याकडे ही मोठी परंपरा आहे: ४४४० आयसी, ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचा डबा आणि त्यावर निळा दिवा. कॉलेजात असताना असे सेट आम्ही प्रेमानं ऐकले आहेत, आणि मी त्या कारागिरांचा आदर करतो. "प्रोलॉजिक बोर्ड टाकून देतो, सहाच्या सहा वाजतील," तो म्हणाला. वाजले असते, यात शंका नाही. पण तो बोर्ड दोन आवाजांतून सहा बनवून देतो. मुळात वेगळा ठेवलेला संवाद त्याच्यापर्यंत पोचत नाही. मी विचारलं, "बोलणं स्पष्ट येईल का?" तो म्हणाला, "घर हलेल." या देशात प्रत्येक जण माझं घर हलवायला निघाला आहे.

एवढं करून स्पीकर लावायचे कुठं? माहितीपत्रकात चित्र असतं. चौकोनी खोली, मधोमध सोफा, समोर तीन स्पीकर, मागे दोन. मानकही तसंच सांगतं: समोरचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे दोन ११० अंशांच्या आसपास, सगळे ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर. त्या चित्रातल्या खोलीला दार नसतं. त्या घरातली माणसं आत कशी आली, हे कंपनीनं स्पष्ट केलेलं नाही. आमच्या हॉलमध्ये उजवीकडच्या ११० अंशांवर दार आहे आणि डावीकडच्या ११० अंशांवर फ्रिज. दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला, कारण जरीपटक्यात हॉलच्या मधोमध दिवाण ठेवला तर लोक समजतात घरात कोणी आजारी आहे. मागचा एक स्पीकर अखेर फ्रिजवर गेला. त्यामुळे पाऊस पडण्याच्या प्रसंगात पाणी फ्रिजमधून गळतं आहे असं वाटतं आणि आमच्या घरची मंडळी उठून दार उघडून पाहतात.

वायरचा मुद्दा मी थोडक्यात मांडतो, पण तो किरकोळ समजू नये. स्पीकरच्या वायरीत दोन तारा असतात, एक धन, एक ऋण. संचासोबत येणाऱ्या वायरीत दोन्ही तारा एकाच रंगाच्या असतात. एकीच्या अंगावर इतकी फिकट रेघ असते की ती पाहायला दिवसाचा उजेड आणि तरुण डोळे लागतात. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तर दोघांचे पडदे एकमेकांविरुद्ध हलतात, बेस एकमेकांना खाऊन टाकतो आणि आवाज पोकळ होतो. संच बिघडला असं समजून माणूस नवा आणतो. एका रेघेला थोडी जास्त शाई लावली असती तर घराघरांतले किती पैसे वाचले असते, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

हे सगळे अडथळे पार करून हिवाळ्यात आमच्याकडे संवाद ऐकू येऊ लागले. टीव्ही बिटस्ट्रीमवर घातला, डीकोडर बसवला, तांब्याची बरी वायर ओढून तिच्यावर केसिंग पट्टी मारली, मधला स्पीकर थोडा दमदार घेतला आणि त्याला बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणलं. मधल्याचा आवाज तीन-चार डेसिबल वर, वूफर कोपऱ्यातून बाहेर काढून अर्ध्यावर. 'नाइट मोड' चालू ठेवला, म्हणजे हळू बोलणं आणि मोठा स्फोट यांतली दरी बुजते. ज्यांचं बजेट आमच्यासारखंच आहे त्यांनी हे याच क्रमानं करावं. मागच्या दोन स्पीकरांवर पहिला रुपया खर्च करू नये. 'झुंड' आम्ही तेव्हा पाहिला. विजय बारसे सरांच्या कामावरचा, नागपुरातच चित्रित झालेला, आमच्याच बोलीत बोलणाऱ्या पोरांचा सिनेमा. आईनं पूर्ण पाहिला आणि एकदाही काही विचारलं नाही. घरात मला मान मिळाला.

होळी झाली आणि कूलर खाली आला.

बाहेरगावच्या वाचकासाठी सांगतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. खिडकीत पत्र्याचा कूलर असतो, त्याला खसच्या ताट्या, आत पंप आणि एक मोठा पंखा. त्याला आपण घरातली वस्तू म्हणत नाही. पावसाळ्यापर्यंत घर त्याचं असतं. साधं दोन माणसांचं बोलणं साठ डेसिबलच्या आसपास असतं, आणि पूर्ण वेगातल्या आमच्या कूलरसमोर मोबाईलवरचं मापक धरलं तर काटा त्याच्याही वर जातो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती घराबाहेरच्या आवाजाला लागू आहे. घराच्या आत, दिवाणाच्या उशाशी, चार महिने जे चालतं त्याला कोणता नियम लागू आहे?

आणि कूलर बुडवतो काय, तर नेमकी व्यंजनं. स्वर जाडजूड असतात, ते तरतात. स, श, च, त, क यांचा आवाज बारीक आणि क्षीण, तो पंख्याच्या घरघरीत आधी जातो. अर्थ मात्र त्यांच्यातच जास्त असतो. 'तो गेला' आणि 'तो मेला' यांत सिनेमाच्या दृष्टीनं फरक आहे. आमच्या घरात एका पात्राचं सुतक अर्धा तास पाळलं गेलं आणि नंतर ते पात्र बाजारातून पिशवी घेऊन परत आलं.

तुम्ही म्हणाल, आवाज वाढवा. वाढवला. संवाद कूलरच्या वर काढला की स्फोट त्याच्याही पंधरा-वीस डेसिबल वर जातो. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. वरच्या पट्टीतले आवाज भिंत अडवते, खालचे नाही. चाळीस हर्ट्झच्या बेसची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, आणि आमचा हॉल तिच्या निम्म्याहून लहान आहे. ती इथं बसणारच कशी? ती शेजारी जाते. शेजारच्या सिंधी काकी सकाळी दारात म्हणाल्या, "बेटा, कल रात पिच्चर में बहुत मारामारी थी?" म्हणजे पैसे भरले आम्ही, मारामारी ऐकली त्यांनी, आणि संवाद दोन्ही घरांत कोणालाच मिळाले नाहीत.

शेवटी सबटायटल लावली. मराठी सिनेमाला ती बहुधा इंग्रजीच असतात. जरीपटक्यात बसून, मराठी माणूस, मराठी नट मराठीत काय म्हणाला ते इंग्रजीत वाचतो आणि आईला पुन्हा मराठीत करून सांगतो. तोवर पुढचं वाक्य निघून जातं. मधेच जाहिरात लागते, आणि ती मात्र कूलरला भेदून स्पष्ट ऐकू येते. केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मधल्या सातव्या नियमात जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तीस वर्षं तो नियम पाळला जाण्याची वाट पाहतो आहोत.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. खोक्यावर वॅट छापणं बंद करून, कूलर पूर्ण वेगात चालू असताना साधं मराठी वाक्य किती फुटांवरून स्पष्ट ऐकू येतं, तेवढं एकच छापावं. दुकानात आवाज दाखवताना आई आणि मुलगा स्वयंपाकघरात हळू बोलताहेत असा प्रसंग लावावा. काच फोडू नये. माहितीपत्रकातल्या खोलीला दार आणि फ्रिज असावा. कूलरच्या खोक्यावर त्याचा आवाज किती, हे डेसिबलमध्ये लिहावं, हवेच्या झोताइतक्याच मोठ्या अक्षरांत. मधल्या स्पीकरला वूफरइतका मान मिळावा. आणि मराठी सिनेमाला मराठीत सबटायटल मिळावीत, कारण आमच्या आईला तिच्या भाषेतला सिनेमा तिच्याच भाषेत कळण्याचा हक्क आहे, तो उन्हाळ्यातही आहे.

या मागण्यांचं निवेदन तयार आहे. ज्यांना सह्या करायच्या असतील त्यांनी जूनच्या आधी जरूर यावं. फक्त येण्याआधी मेसेज करा. या दिवसांत दाराची बेल आत ऐकू येत नाही.